मागे हजार किलो

ट्रेलर घेतोय म्हटल्यावर जो तो एकच विचारायचा, "तुझी गाडी ओढेल का तो?" साताऱ्याहून फोनवर चुलतभावानेही तेच विचारलं आणि इथे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यानेही तेच. ओढायचं म्हणाल तर आमच्या डिझेल इस्टेट गाडीने (मागे सामानाला लांब जागा असलेली कार) तो पहिल्या दिवसापासून विनातक्रार ओढला. आमचे शनिवार-रविवार खाल्ले ते दुसऱ्याच प्रश्नांनी: भरल्यावर त्याचं वजन नक्की किती होतं, ते वजन ट्रेलरमध्ये कुठे बसलंय, आणि वेळ आली तर हे सगळं थांबणार कसं.

आमचा ट्रेलर म्हणजे ती पांढरी मोठी कॅरॅव्हॅन, कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, नाही. ब्रिटनमध्ये त्याला फोल्डिंग कॅम्पर म्हणतात. रस्त्यावर असताना छातीच्याही खाली राहणारी चपटी पेटी. साइटवर पोचून झाकण उलगडलं की दोन्ही बाजूंना पलंग बाहेर सरकतात, वर कॅनव्हासचं छप्पर उभं राहतं आणि मध्ये दोन शेगड्यांचा ओटा, सिंक आणि चौघांना दाटीवाटीने बसता येईल एवढी बाकं निघतात. वेल्समधल्या पावसात तंबू गळल्यानंतर बायकोने "जमिनीवर आता मी झोपणार नाही" असं जाहीर केलं होतं आणि पूर्ण कॅरॅव्हॅन ना खिशाला परवडत होती ना मनाला. हा मधला मार्ग. उंची कमी, म्हणून वारा कमी पकडतो आणि आतल्या आरशातून त्याच्या डोक्यावरून मागचा रस्ताही दिसतो. माझ्यासारख्या नवख्याला ही दुसरी गोष्ट फार धीर देणारी होती.

लायसन्सचा प्रश्न सुदैवाने सुटलेला होता. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, मग इथली परीक्षा द्यावीच लागते. ती मी कधीच दिली होती. पण १९९७ पासून लायसन्स काढलेल्यांना पूर्वी ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलर ओढायचा तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोंची मर्यादा होती, त्यापुढे वेगळी परीक्षा. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. आता साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. सरकारने कागदावरची अडचण काढली हे बरंच झालं, पण ज्याने आयुष्यात कधी ट्रेलर मागे घेतलेला नाही त्यालाही साडेतीन टन मोकळे झाले, हे मला आजही जरा जास्तच वाटतं.

आपल्याकडच्या लोकांना नवल वाटेल अशी एक गोष्ट: अशा छोट्या ट्रेलरला इथे स्वतःचा नंबरच नसतो. ज्या गाडीला जोडाल त्या गाडीचा नंबर पिवळ्या पाटीवर करून मागे लावायचा. आरटीओत खेटे नाहीत, वार्षिक तपासणी नाही. म्हणजे चाक, ब्रेक, दिवे धड आहेत की नाहीत हे बघणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

आधी गाडीची पाटी वाचली. दार उघडल्यावर खांबावर जी छोटी पाटी किंवा स्टिकर असतो, त्यावर चासी नंबरखाली वजनाचे चार आकडे असतात. पहिला, माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन, आमचा १,९४०. दुसरा, गाडी आणि ट्रेलर मिळून, आमचा ३,४४०. दोन्हींतला फरक १,५००, म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीमागे ब्रेकवाला दीड टन चालेल. तिसरा-चौथा आकडा पुढच्या आणि मागच्या आसाचा. एका मित्राच्या हायब्रिड गाडीवर दुसरा आकडाच नव्हता. तो म्हणाला, छापायचा राहिला असेल. राहिला नव्हता, त्या गाडीला काहीही ओढायची परवानगीच नाही, आणि असा ट्रेलर जोडून अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते सांगायला नको.

पाटीवर नसलेले दोन आकडे गाडीच्या पुस्तकात सापडले. बिनब्रेकचा ट्रेलर ६९० किलोंपर्यंतच, आणि टोबारच्या, म्हणजे ट्रेलर अडकवायला गाडीमागे बसवतात त्या दांड्याच्या, गोळ्यावर वरून पडणारा भार ७५ किलोंपर्यंतच. हा ७५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं अडतं.

इथले कॅरॅव्हॅनवाल्यांचे क्लब नवख्यांना आणखी एक गोष्ट सांगतात: भरलेल्या ट्रेलरचं वजन रिकाम्या गाडीच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा कायदा नाही, शहाणपणाचा सल्ला आहे. आमची गाडी १,३९५ किलोंची, त्याचे ८५ टक्के १,१८६ होतात. आम्ही हजार किलोंपर्यंत भरता येईल असाच ट्रेलर शोधायचा ठरवला.

सापडला तो जुना, पण कॅनव्हास कोरडा आणि वास न येणारा. विकणारे आजोबा सज्जन होते. टायरची नक्षी दाखवून म्हणाले, अगदी नवे आहेत. नक्षी खरंच नवी होती, कारण ट्रेलर वर्षातून दोनदा हलायचा. मी गुडघ्यावर बसून टायरच्या बाजूला लंबगोलात छापलेले चार आकडे शोधले: ३४११. म्हणजे २०११ सालातला चौतिसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन फुटतात. रबर आतून तडकतं. पाच वर्षांनी बदला आणि सातच्या पुढे तर वापरूच नका, असं इथे सगळे जाणकार सांगतात. आजोबांनी पैसे कमी केले आणि घरी आल्यावर पहिलं काम टायर बदलण्याचं केलं, स्टेपनीसकट. नवं चाक बसवल्यावर तीसेक मैलांनी नट पुन्हा टॉर्कच्या पान्याने तपासायचे असतात. तेही केलं.

टोबार आणि वायरिंगचं काम गॅरेजवाल्याकडून करून घेतलं, सातशे पौंडांच्या आसपास गेले. तिथे फक्त एका गोष्टीवर अडून बसलो: स्वस्तातलं वायरिंग नको, गाडीच्या कॉम्प्युटरला ट्रेलर जोडल्याचं कळेल असंच हवं. ते कळलं की मागचे पार्किंग सेन्सर आपोआप गप्प बसतात आणि ज्या गाड्यांत सोय असते त्यांत ट्रेलर डुलायला लागला तर गाडी स्वतः चाकांचे ब्रेक लावून त्याला आवरते. शंभरेक पौंड वाचवायला ही सोय सोडायची मला पटली नाही.

आता ब्रेकविषयी, कारण हे मला स्वतःला नीट कळेपर्यंत झोप लागली नव्हती. मी कारचा ब्रेक दाबला तर ट्रेलरचा ब्रेक कशाने लागतो? कारमधून ट्रेलरकडे ब्रेकची नळी जात नाही. कार हळू होते, मागचा ट्रेलर आपल्या वेगात पुढे येतो आणि कारला ढकलतो. त्या ढकलण्याने जोडाचा दांडा आत दाबला जातो, दांडा एक तरफ हलवतो, तरफ केबल ओढते आणि चाकातले ब्रेक शू ड्रमवर आवळले जातात. म्हणजे ट्रेलर स्वतःच्या रेट्याने स्वतःला थांबवतो. म्हणूनच मध्ये डॅम्पर लागतो, नाहीतर प्रत्येक ब्रेकला हिसका बसेल. आणि म्हणूनच घाटात उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. खंबाटकीत वडिलांनी शिकवलेलं, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, इथे जसंच्या तसं लागू पडलं.

गोळ्यावरून जोड निसटलाच तर? त्यासाठी एक बारीक लाल केबल असते. तिचं एक टोक ट्रेलरच्या हँडब्रेकला आणि दुसरं कारच्या टोबारला. ट्रेलर सुटून मागे पडला की केबल ताणली जाते, हँडब्रेक खेचते आणि मग स्वतः तुटते. तुटलीच पाहिजे, नाहीतर ट्रेलर कारमागे फरफटत येईल. पुष्कळजण ती नुसती गोळ्याच्या मानेभोवती अडकवून मोकळे होतात. टोबारला तिच्यासाठी वेगळं भोक किंवा कडी असेल तर तिथेच लावावी.

इथे कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब १९०१ पासून आहे आणि कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब १९०७ पासून. दोघांचेही नवख्यांसाठी ट्रेलर चालवायचे वर्ग असतात. आम्ही दोघांनीही नाव घातलं. बायको आधी म्हणाली, मी कशाला. पण वाटेत मला चक्कर आली तर मोटरवेच्या कडेला दोन मुलं आणि ट्रेलर घेऊन ती काय करणार? डांबरी मैदान, नारिंगी शंकू आणि साठीच्या पुढचे, चहाचा मग हातातून न सोडणारे एक प्रशिक्षक.

पुढे चालवायला त्यांनी फार वेळ दिला नाही. वळणावर ट्रेलर आतून कापतो, म्हणून नाक्यावर जरा पुढे जाऊन मग वळा, एवढं सांगितलं. सगळा वेळ गेला तो मागे घेण्यात. युक्ती अशी: स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहा असतात तिथे हात धरायचा आणि ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकवायचा. डोकं चालवायचं नाही. बायकोला हे चटकन जमलं. मला मात्र वीस वर्षांची सवय आडवी यायची. लांब ट्रेलर मागे घ्यायला कठीण असा माझा समज होता. उलट आखूड ट्रेलर जास्त चटकन फिरतो, बोटभर हात हलला तर काटकोनात येऊन उभा. तो तसा उभा राहू लागला की आणखी मागे जाऊन सुधारायला बघायचं नाही. थांबायचं, पुढे जाऊन सरळ करायचं, पुन्हा सुरुवात.

दुसरा धडा बाहेर उभं राहून हात दाखवणाऱ्याचा. आपण सगळे एसटीच्या पाठीमागच्या "येऊ द्या, येऊ द्या"वर वाढलेले. पण आवाज काचेतून येत नाही आणि आलाच तर "थांब" आणि "लांब" यातला फरक ऐकू येत नाही. तेव्हा ठरलं ते असं: बायको मला आरशात दिसेल अशीच उभी राहणार, ती दिसेनाशी झाली की मी जागच्या जागी थांबणार, आणि दोन्ही हात वर म्हणजे थांब. मुलं त्या वेळी गाडीतच, पट्टा लावून.

मग सामान. ट्रेलरच्या पाटीवर कमाल १,००० किलो, रिकामा ७९०. उरले दोनशे दहा. ऐकायला भरपूर वाटतात. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात २३ किलोंच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा असतोच, तो बाहेर काढला आणि एकेक वस्तू टांगत सुटलो. बॅटरी वीस किलो. प्रोपेनचा सहा किलोंचा सिलिंडर, लोखंडासकट पंधरा. बाहेर लावायचा जादा तंबू बावीस. स्टेपनी, खुर्च्या, घडीचं टेबल, विजेची लांब केबल, पायरी, गाद्यांवरच्या गाद्या. पाण्याचा कॅन चाळीस लिटरचा. तो भरून नेला तर चाळीस किलो तिथेच संपले, म्हणून रिकामाच न्यायचा. स्वयंपाकाच्या पेटीवर घरात रीतसर वाटाघाटी झाल्या. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं राहिलं. दगडी खलबत्ता घरी बसला आणि त्याबदल्यात माझी दुसरी बुटांची जोडी उतरवली गेली. टिनचे डबे, तांदूळ-पिठं आणि कपडे गाडीत घेतले, पण गाडीलाही तिची मर्यादा आहे; आणि गोळ्यावर पडणारा भारही गाडीच्याच हिशेबात धरायचा असतो.

धान्याच्या एका व्यापाऱ्याकडे सार्वजनिक वजनकाटा आहे. तिथे नेऊन, कार सोडून, नुसता ट्रेलर काट्यावर ठेवला: ९६५ किलो. घरी केलेल्या बेरजेपेक्षा जास्तच. रिकामा ७९० हा आकडा कारखान्यातून निघतानाचा. मधल्या मालकांनी काय काय ठोकून बसवलंय ते त्यात धरलेलं नसतं.

हे एवढं झालं तरी काम अर्धंच. ९६५ किलो कुठे बसलेत हे उरलंच. जड सामान आसाच्या वर आणि तळाशी, हलकं वर, डावं-उजवं सारखं, आणि सगळ्याचा झोक जरासा पुढे. हे वडिलांना फोनवर सांगत होतो. गोळ्यावर पन्नास-साठ किलो भार हवा, कमी झाला तर ट्रेलर डुलतो, जास्त झाला तर गाडीचं मागचं बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात, वगैरे. आप्पा ऐकून घेत म्हणाले, "म्हणजे गाडी उलार होऊ द्यायची नाही, एवढंच ना?" ऊस भरताना मागे ओझं जास्त झालं तर जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळतात, पुढे जास्त झालं तर सगळं मानेवर येतं. मग गाडीवानाने स्वतः पुढे-मागे सरकून बसायचं. "तू कुठे बसणार आहेस?" असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी कारमध्ये. "मग तुझं कठीण आहे," म्हणाले.

सरकून बसायची सोय नसल्यामुळे तंबू सरकवला. हा भार मोजायची रीत साधी आहे आणि घरच्या काट्यावर होते. सपाट जागेवर ट्रेलर, चाकांना पुढून-मागून पाचर, हँडब्रेक मोकळा. जोडाच्या डोक्याखाली बाथरूममधला वजनकाटा, त्यावर फळीचा तुकडा आणि फळीवर उभा लाकडी ठोकळा, डोकं कारच्या गोळ्याच्या उंचीला येईल एवढ्या मापाने कापलेला. मग ट्रेलरचं पुढचं छोटं चाक हळूहळू वर फिरवत न्यायचं की सगळा भार ठोकळ्यावर येतो. आमचा डिजिटल काटा दहा सेकंदांत झोपून जायचा, म्हणून शेजाऱ्याकडून जुना काट्याचा आणला. सुई ४१ वर थांबली. भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के हवेत, म्हणजे साधारण ४८ ते ६८. गुंडाळलेला तंबू मागच्या बाकाखालून काढून आसाच्या पुढे, फरशीवर ठेवला, खुर्च्याही पुढे आणल्या. सुई ६३. गाडीच्या ७५ च्या आत, ट्रेलरच्या हिशेबातही बरोबर. बावीस किलोंची एक गुंडाळी आणि खुर्च्या पुढे गेल्या आणि सगळं बदललं. तेव्हापासून कुठली वस्तू कुठे ठेवायची याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे आणि मुलांनी सायकलचे पंप मागे कोंबले तर ओरडा बसतो.

निघायच्या सकाळी जोडणी. बायको यादी वाचते, मी हात लावून "हो" म्हणतो. जोड गोळ्यावर बसला, खिट्टीची हिरवी खूण दिसली. तेवढ्यावर विश्वास नाही: पुढचं चाक पुन्हा खाली फिरवायचं, कारची शेपटी इंचभर वर उचलली गेली पाहिजे, उचलली तर जोड खरोखर पकडलेला आहे. मग चाक पूर्ण वर घेऊन आवळायचं. लाल केबल. तेरा पिनांचा प्लग फिरवून बसवायचा. हँडब्रेक सोडला. पाचरी उचलून आत. गॅस सिलिंडरवरच बंद. टायरची हवा. कारच्या आरशांना बाहेर काढणारे जादा आरसे, कारण ट्रेलर कारपेक्षा रुंद आहे. शेवटी थोरली मागे उभी राहते आणि "डावा… उजवा… ब्रेक… पाटीचा दिवा" असं ओरडते. एकदा उजवा लागेना. प्लगच्या एका पिनेवर हिरवा गंज चढला होता, खरवडून काम भागलं.

जायचं होतं केझविकला, उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत. कॉव्हेंट्रीहून एम६ मोटरवे धरायचा तो पेनरिथपर्यंत सोडायचा नाही, मग ए६६ रस्ता. नकाशा विंडरमिअरवरून जवळचा रस्ता सुचवत होता, पण त्या गावांच्या गल्ल्यांतून, सुट्टीच्या गर्दीत, पहिल्यांदाच जाणार? हार्डनॉट आणि रायनोज या खिंडींचं तर नावही नको. हार्डनॉटचा चढ जागोजागी तीनास एक आहे.

ट्रेलर असताना मोटरवे आणि दुभाजकवाल्या रस्त्यांवर ताशी ६० मैल, दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर ५०, आणि तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवीकडची लेन बंद. मला यात काही कमीपणा वाटला नाही. ट्रकना इथे ५६ मैलांचा लिमिटर असतो, त्यांच्या रांगेत ५५ वर बसलं की जग शांत होतं. पुढच्या वाहनापासून अंतर मात्र नेहमीच्या दुप्पट ठेवलं, आणि त्या मोकळ्या जागेत दर पाच मिनिटांनी कोणीतरी घुसतं. घुसू द्यायचं आणि पुन्हा मागे सरायचं.

पहिल्या थांब्यावर बाकीचे शौचालयाकडे पळाले आणि मी ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहिली. दोन्हीकडे सारखंच कोमट. एकच बाजू भाजण्याइतकी तापली असती तर तिथला ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग गेलंय असं समजायचं होतं. धाकट्याला हे फार आवडलं, तेव्हापासून "ताप बघायचा" मान त्याचा; पण मी आधी बघतो, मग तो.

लँकेस्टर सोडलं की डोंगर जवळ येतात आणि एम६ शॅपकडे चढायला लागतो. त्या रस्त्याचा हाच सर्वांत उंच भाग. वाऱ्याचा इशारा पाटीवर झळकत होता. चढ काही वाटला नाही, एक गिअर खाली आणि डावी लेन. माथा ओलांडून उतरताना मात्र डावीकडून वारा आणि त्याच वेळी उजवीकडून ६२ वर चालणारी एक कोच बस. बसचा पुढचा भाग शेजारी आला तेव्हा ढकलल्यासारखं झालं, ती पुढे सरकली तसं ओढल्यासारखं, आणि मग स्टिअरिंगमध्ये एक सैल, लयीतलं हलणं जाणवलं. आरशात ट्रेलरचा कोपरा डावीकडे दिसला, उजवीकडे दिसला, परत डावीकडे. बायको म्हणाली, "पाय काढ." पाय आधीच काढला होता. ब्रेक नाही, वेग वाढवून "सरळ" करायचा प्रयत्न नाही, स्टिअरिंगने त्याच्यामागे धावणं नाही. ते फक्त सरळ धरून ठेवायचं. हायवे कोडमध्येही, म्हणजे इथल्या वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकात, पाय काढून वेग हळूहळू कमी करा असंच लिहिलंय. ५० च्या खाली आल्यावर हलणं विरून गेलं. सगळं मिळून चार-पाच सेकंद असतील. मागच्या सीटवर कोणाला पत्ताही लागला नाही. सुई ४१ वरच राहू दिली असती तर ते कसं झालं असतं, हा हिशेब मी पेनरिथ येईपर्यंत करत होतो.

ए६६ वर जिथे दुभाजक संपतो तिथे मागे रांग साचते. लेबाय, म्हणजे रस्त्याकडेची थांबायची जागा, दिसली की आत शिरून लोकांना जाऊ दिलं. दोन मिनिटं जातात, पण मागच्या माणसाची चिडून ओव्हरटेक करायची वेळ येत नाही.

साइटवर आमची जागा हिरवळीच्या टोकाला, दोन कॅरॅव्हॅनच्या मध्ये. शेजाऱ्यापासून सहा मीटर अंतर ठेवायचं असतं, आगीसाठी. बायको आरशात उभी, माझा हात सहाच्या जागी. दोन्हीकडचे शेजारी खुर्च्या वळवून बघायला बसले होते. ही इथली जुनी करमणूक आहे. एकदा पुढे घेऊन सरळ करावं लागलं, मग गेला आत. कोपऱ्यांवरचे चार पाय खाली सोडले. ते फक्त टेकू आहेत, त्यांनी ट्रेलर उचलायला गेलं तर चासी वाकते. डावी-उजवी सपाटी चाकाखाली पाचर देऊनच आणायची.

विजेचा खांब दहा अँपिअरचा होता, म्हणजे २,३०० वॅट. घरची इंग्लिश केटली एकटीच तीन हजारांची. तिने साइटवरचे ब्रेकर पाडण्यापेक्षा चहा गॅसवर केलेला बरा. केबल रिळावरून पूर्ण सोडायची, गुंडाळलेली तापते. रात्री पाऊस आला तेव्हा पलीकडच्या तंबूवाल्याने शेगडीचे निखारे आडोशाला आत ओढले, तेव्हा मात्र मी छत्री घेऊन सांगायला गेलो. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नसतो, आणि बंद कॅनव्हासमध्ये झोपलेल्या माणसाला उठवायला काहीच नसतं. त्याने वाईट वाटून घेतलं नाही. आमच्या छतालाही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टांगलेला आहे.

परतीचं गणित वेगळं असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. रात्रभर भिजलेला कॅनव्हास आणि जादा तंबू तसाच गुंडाळावा लागला. बावीस किलोंची गुंडाळी हुकाच्या काट्यावर एकतीस भरली. ती नकाशाप्रमाणे पुढेच ठेवली असती तर गोळ्यावरचा भार वाढला असता, म्हणून ती कचऱ्याच्या पिशव्यांत बांधून बरोबर आसावर ठेवली आणि सिलिंडर निम्मा झाला होता तो होता तिथेच राहू दिला. बाथरूमचा काटा आम्ही बरोबर नेतो. शेजारचे आजोबा तो काटा बघून बायकोला म्हणाले, सुट्टीवरसुद्धा वजन बघता? ती हसून हो म्हणाली.

घरी आल्यावर ट्रेलर त्याच संध्याकाळी अंगणात उघडून ठेवला. ओला कॅनव्हास दोन दिवस मिटलेला राहिला तर बुरशी धरतो, आणि ती निघत नाही. आमच्या वसाहतीच्या करारात घरापुढे ट्रेलर उभा करून ठेवायला मनाई आहे, त्यामुळे सुकेपर्यंत शेजाऱ्यांची परवानगी काढली. सुकला की गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या आवारात महिन्याच्या भाड्याने जातो: जोडाला कुलूप, एका चाकाला क्लॅम्प, आणि हँडब्रेक सोडून फक्त पाचरींवर, म्हणजे थंडीत ब्रेक शू ड्रमला चिकटत नाहीत.